उरलेल्याचा अठरावा भाग

पहिली बाजू मोडली तेव्हा
रत्नमालानं तिचे दोन तुकडे उचलले
आणि त्यावर चहा ठेवला.
दुसरीवर वरण शिजलं.
शिवणीचं लाकूड, धूर नाही फारसा.
म्हणाली, गिटार होवो न होवो,
गॅस वाचून राह्यला.

मी राइस मिलवर पट्टे बघणारा माणूस,
लाखांदूरच्या रस्त्यावर, अठ्ठावीस वर्षं.
कोणतं बेअरिंग उद्या जाणार
ते मला आज ऐकू येते.
पण रंधा कसा धरायचा
हे एकोणपन्नासाव्या वर्षी डोमाजी बावनथडेनं शिकवलं,
हातावर हात ठेवून,
पोराला अ गिरवून द्यावा तसं.
"उलटा चालला तू. रेग पाय.
लाकूड झाडच हाये अजून,
कोनीकडे वाढलं होतं ते विसरत नाही."

डोमाजीनं बंड्या केल्या, दारं केली,
नाटकाच्या स्टेजचे खांब केले.
कमरेचं काही केलं नव्हतं कधी.
कागदावरचा आकार बघून म्हणाला,
"हा तं मुंगळा हाये."

वाकवायला लुनाचा जुना सायलेन्सर,
आत निखारे, वरून ओला फडका.
थेंब टाकला की नाचत पळाला पाहिजे.
तिसरी बाजू मी दाबली नाही.
नुसता टेकून उभा राहिलो,
आणि कधीतरी, मी मिलच्या विचारात असताना,
ती वाकली.

वरची फळी घासून घासून पातळ केली.
मडकं घेताना वाजवतात तशी बोटानं वाजवायची,
पुन्हा घासायची,
ठकचा ठंग होईपर्यंत,
मागून टॉर्च लावला तर उजेड दिसेपर्यंत.
अडीच मिलिमीटर.
एवढ्याशा जाडीवर सहा तारा ओढणार.
म्हणून आतून कामट्या लावल्या, बुरडाकडच्या.
एका कामटीवर पेन्सिलीनं लिहिलं
जे आता कोणाला दिसणार नाही.
रत्नमालाला वाटते, तिचं नाव.
मी ऑईल बदलायची तारीख लिहिली होती,
हातात पेन्सिल होती म्हणून.

शिकंजे नव्हते.
सायकलच्या ट्यूबा कापून गुंडाळल्या,
वर धानाचं पोतं ठेवलं रात्रभर.

मग मानेवरच्या पट्ट्या.
लांबीचा अठरावा भाग काढा, तिथं पहिली.
उरलेल्याचा अठरावा, तिथं दुसरी.
मग जे उरलं त्याचा.
हे मला लगेच कळलं, मिलचा वाटा असाच निघतो.
फक्त हा वाटा काढून काढून
पोतं काही रिकामं होत नाही.
बाराव्या पट्टीवर बरोबर अर्ध यायला पाहिजे.
मोजलं. दोन मिलिमीटर कमी.
चष्मा पुसून मोजलं. दोनच.
भाची नलू भंडाऱ्याहून फोनवर म्हणाली,
मामा, अठरा नाही,
सतरा पूर्णांक आठ एक सात.
तोवर मी सायकलच्या आऱ्या कापून
ठोकून बसलो होतो,
सगळ्या एकोणीस.

तारा नलूनंच आणल्या.
पहिल्यांदा छेडली तेव्हा
अंगणातली कोंबडी थांबली, दुसरं काही नाही.
खालचे सूर बरे.
वर जावं तसतसा आवाज थोडा मागे राहतो,
वरातीतल्या म्हाताऱ्यासारखा.
आणि आत काहीतरी खुळखुळते.
उलटी केली, हलवली, भोकातून टॉर्च मारला:
धानाचा एक दाणा,
कामटीच्या आड बसलेला.
चिमट्यानं निघेना, शिव्यांनीही नाही.

डोमाजीनं तिच्या पाठीला कान लावला, डोळे मिटले.
मी जाड तार छेडली, सोडली.
ती विझेपर्यंत तो तसाच.
"दाना राहू दे," म्हणाला.
मग गुडघ्यावर हात टेकून उठला,
शेडमागं गेला,
आणि शिवणीची आणखी एक फळी
जमिनीवरून घासत आणली.
"पन अठरा नको करू."